वॅक्स, सिरॅमिक की पीपीएफ : नव्या गाडीवर पैसे कुठे घालायचे?

नवी गाडी घेताना शोरूममधल्या शेवटच्या टेबलावर एक कागद पुढे येतो. त्यावर रंग जपायचे उपाय : टेफ्लॉन, सिरॅमिक, पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म), प्रत्येकापुढे रक्कम, आणि ‘आत्ताच बिलात धरून टाकू’ असा आग्रह. तिथे काहीच ठरवू नका. घरी या आणि तुमच्या सोसायटीत सकाळी गाड्या कोण पुसतं, कशाने पुसतं, ते एकदा खाली उतरून बघा. काय घ्यायचं याचं निम्मं उत्तर तिथे मिळतं.

आमच्याकडे पुण्यात सहा वाजता एक काका येतात. वीसेक गाड्या, एक बादली, एक फडकं. समोर बांधकाम चालू, त्यामुळे रात्रीतून प्रत्येक बॉनेटवर धुळीचा थर. पाचव्या गाडीला पोचेपर्यंत पाणी गढूळ झालेलं असतं आणि फडक्याच्या घडीत वाळूचे कण अडकलेले असतात. त्या वाळूत क्वार्ट्झ असतो. तो साध्या लोखंडावर ओरखडा काढतो, मग रंगावरच्या पारदर्शक थराचा काय निभाव लागणार? दोन वर्षांनी रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. रेघा खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. उजेडाच्या ठिपक्याभोवती आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल जाळं दिसतं. पांढऱ्या गाडीवर त्या खपून जातात, काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर लपत नाहीत. काकांना मी दोष देणार नाही. एवढ्या गाड्यांना त्यांना पाणीच तेवढं मिळतं.

आता मापं बघा, कारण तुलना त्यांच्यावरच उभी आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट सगळं धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 35 ते 50. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहून पातळ थरात आहे. रबिंग-पॉलिशने रेघा ‘जातात’ त्या भरल्या जात नाहीत, आजूबाजूचा क्लिअर कोट घासून रेघेच्या तळाशी आणला जातो. म्हणून दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे थांबवा. ती ठेव आहे, दरवर्षी मोडली तर संपते.

याच मापात वॅक्सचा थर एका मायक्रॉनच्याही आत, सिरॅमिकचा एक-दोन मायक्रॉन आणि पीपीएफ 150 ते 200. रस्त्यावरून उडालेली खडी कोण अडवेल हे इथेच कळतं.

वॅक्स सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी टिकणारं. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरून काढतात, रंगाला ओलसर, खोल चमक त्याच्यासारखी क्वचितच कुणी देतं. पण आपल्या उन्हात आणि आपल्या पावसात दीड-दोन महिन्यांत ते उतरतं. कपड्यांच्या साबणाने गाडी धुतली तर एका धुण्यात. त्याऐवजी फवारून पुसायचा सीलंट घेतला तर तीन-चार महिने निघतात. पाचशे ते पंधराशे रुपयांच्या बाटलीत वर्ष जातं आणि रविवारचा एक तास लागतो. पक्ष्याची विष्ठा, जांभळाचे डाग, चीक हे थेट रंगाला भिडत नाहीत, धुताना मळ सहज सुटतो. ओरखड्यांपासून मात्र वॅक्स वाचवत नाही. ‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाने मिळतं तेही याच घरातलं. तव्यावर टेफ्लॉन बसवायला 300 अंशांच्या वर भाजावं लागतं, गाडीवर तसं काही होत नाही. चांगला सीलंट म्हणून त्याच्याकडे बघा आणि सीलंटइतकेच पैसे द्या.

सिरॅमिकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. सिलिकावर आधारलेलं हे द्रव रंगावर लावलं की घट्ट धरून बसतं आणि नीट लावलं असेल तर दोन-तीन वर्षं टिकतं. धुणं खरोखर सोपं होतं, पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात आणि चिखल नुसत्या पाण्याच्या जोराने बराचसा निघून जातो. फडकं कमी फिरतं, म्हणून रेघाही कमी पडतात. फायदा आहे तो हा. ‘9एच, ओरखडा पडणारच नाही’ यावर मात्र विश्वास ठेवू नका. तो 9एच पेन्सिलींच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे, खनिजांच्या मोजपट्टीवरचा 9 नव्हे. वाळू भरलेलं फडकं सिरॅमिकवरही रेघा काढतं.

दुसरी अडचण पाण्याची. गाडीवर बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी पडलं आणि उन्हात वाळलं, की प्रत्येक टपोऱ्या थेंबाच्या जागी क्षारांचं पांढरं वर्तुळ राहतं. ताजं असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलं की जातं, आठवडे राहिलं तर थरात रुततं. उघड्यावर उभी असलेली, बोअरच्या पाण्याने धुतलेली, लगेच न पुसलेली गाडी असेल तर सिरॅमिकचे पंधरा ते पस्तीस हजार वाया गेले म्हणून समजा. वॉरंटीचा कागदही वाचा. ओरखडे आणि पाण्याचे डाग बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात आणि वर्षातून एकदा पैसे भरून सर्व्हिस करून घ्यायची अट असते.

पीपीएफ म्हणजे पारदर्शक जाड फिल्म. ओरखड्याला आणि उडालेल्या खडीला आडवं येणारं या तिघांत हे एकटंच. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते, तिच्यावर पडलेल्या बारीक रेघा उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उबेने मिटतात, हे मी स्वतः बघितलं आहे. स्वस्तातली पीव्हीसी फिल्म दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडते. पूर्ण गाडीला खर्च लाखाच्या आसपास किंवा पुढे. एक गोष्ट दुकानदाराला नक्की विचारा, की फिल्म मशिनवर कापून आणता की गाडीवर ठेवून ब्लेडने कापता? ब्लेडचा हात जरा जड पडला की दाराच्या कडेला रंगात चीर जाते, ती फिल्म काढल्यावरच दिसते. पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म असेल तर काढताना रंगाचे पोपडे सोबत येऊ शकतात, म्हणून जुनी गाडी घेताना हे आधी तपासा.

तर निवड कशी करायची? पांढरी किंवा चंदेरी गाडी, उघडं पार्किंग, रोज शहरातल्या शहरात फिरणं असेल तर सीलंट आणि चांगली फडकी, बास. गडद रंग, छपराखालचं पार्किंग आणि आठवड्याला स्वतः धुवायची तयारी असेल तर सिरॅमिक घ्या, आनंद मिळेल. समृद्धी किंवा द्रुतगती महामार्गावर सारखं जाणं असेल, पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी बॉनेटवर टणटण वाजत असेल, तर फक्त पुढच्या भागाला, म्हणजे बंपर, बॉनेट आणि आरशांना पीपीएफ आणि उरलेल्याला सीलंट. माझ्या मते ही जोडी सर्वांत शहाणी आहे. कोकणातल्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं की खाऱ्या हवेचा गंज खालून, सांध्यांतून येतो, वरच्या कोटिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

काहीही घ्या, धुण्याची रीत तीच. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहवून द्या, मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली या, चाकांचं फडकं वेगळं ठेवा, सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते घासतं. दसऱ्याचा हार तारेने न बांधता सुतळीने बांधा.

काकांना मी सांगितलं, “काका, बॉडीला हात लावू नका, काचा आणि चाकं तेवढी करा.” ते म्हणाले, “मग पैसे कमी करणार का?” मी म्हटलं, “नाही, तेवढेच.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या गाडीच्या काचांना वेगळं, कोरडं फडकं ठेवलं.

आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी शोरूमला फोन करून सांगा, की गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, आहे तशी धुळीची द्या. पहिल्या रेघा पुष्कळदा तिथेच, हार घालायच्या घाईत, पडतात.