बायोडिझेलवरच्या इंजिनाला हीटर, ग्लो प्लग की स्पार्क प्लग?

थंडीत बायोडिझेलवर इंजिन धरत नाही, म्हणून हेडला भोक पाडून स्पार्क प्लग बसवायचा विचार असेल, तर आधी एक चाचणी करा. टाकीतलं बायोडिझेल पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर इंजिनाशेजारी ठेवा. सकाळी ते गढूळ किंवा थिजलेलं दिसलं, तर इंधन फिल्टरच्या पुढेच जात नाहीये. पामतेलाचं बायोडिझेल 13 ते 16 अंशांनाच गढुळतं. निफाडकडे पहाटे पारा याच्या बराच खाली उतरतो. अशा वेळी ठिणगी म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पेट घेण्यात बायोडिझेल मुळीच कच्चं नाही. आपल्या मानकात त्याचा सिटेन आकडा (इंधन दाबाखाली आपोआप किती सहज पेटतं त्याचं माप) किमान 51 आहे, बीएस-6 डिझेलचाही तेवढाच. दुखणं आहे ते घट्टपणाचं. घट्ट इंधनाचा फवारा जाड थेंबांचा पडतो, थंड पिस्टनवर आपटतो आणि पांढरा धूर येतो.

म्हणून पहिली पसंती इंधनावरच्या उपायांना. हिवाळ्यापुरतं 20 टक्के बायोडिझेल आणि 80 टक्के डिझेल, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. शंभर टक्केच चालवायचं असेल तर फिल्टरला विजेचा हीटर, किंवा दोन टाक्या आणि मध्ये कॉक: इंजिन बंद करण्याआधी पाचेक मिनिटं डिझेलवर चालवायचं, म्हणजे पंप आणि नोझलमध्ये रात्रभर डिझेल राहतं. रिटर्न पाइपलाही कॉक लावा, नाहीतर डिझेल बायोडिझेलच्या टाकीत जात राहतं. जुने नायट्राइल रबराचे पाइप बायोडिझेलने फुगून ढिले होतात आणि सिस्टिम एअर धरते. तिथे व्हिटॉन या रबराचे घाला.

ग्लो प्लग म्हणजे दहनकक्ष तापवणारा विजेचा छोटा हीटर. हेडमध्ये त्याची जागा मुळात असेल, तरच त्याचा विचार. वायर काढून मल्टिमीटर लावा: 12 व्होल्टचा धड प्लग साधारण 0.5 ते 2 ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर प्लग जळालाय. शेतातल्या एका सिलिंडरच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला बहुधा ही सोयच नसते.

आता स्पार्क प्लग. 17.5:1 कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे हवा साडेसतरा पट आकुंचन पावते तेव्हा, ती इतकी दाटते की साध्या कॉइलची ठिणगी गॅप (प्लगच्या टोकांमधली फट) ओलांडत नाही. गॅप कमी केला तर काजळी पटकन पूल बांधते. फवाऱ्याच्या ऐन मध्ये प्लग ओला होतो, लांब ठेवला तर तिथे पेटण्याजोगं मिश्रणच नसतं. शिवाय हेडमधल्या पाण्याच्या वाटेतून भोक पाडायचं. जर्मनीच्या मान कंपनीने ठिणगीची मदत घेणारी डिझेल इंजिनं बनवली, मिथेनॉलवर बसही चालवल्या, पण त्यासाठी दहनकक्षच वेगळा घडवला होता. अल्कोहोलला ते परवडतं, कारण इथेनॉलचा सिटेन 8 च्या आसपास.

बायोगॅस हाताशी असेल तर मात्र निवड खरी आहे. पूर्ण स्पार्कवर जायचं तर कॉम्प्रेशन 10 ते 12 वर आणावं लागतं, इंजेक्टरच्या जागी प्लग येतो, पंप निघतो. ड्युअल फ्युएलमध्ये इंजिन जसंच्या तसं राहतं: गॅस हवेसोबत आत, आणि पेटवायला सुमारे 20 टक्के बायोडिझेल. एका अश्वशक्तीला तासाला साधारण 0.42 घनमीटर गॅस धरा. 5 अश्वशक्तीचा पंप चार तास चालवायला साडेआठ घनमीटर, म्हणजे रोजचं दोनशे किलोच्या वर शेण. एवढं रोज जमणार नसेल तर ड्युअल फ्युएलच घ्या, गॅस मध्येच संपला तरी पाणी थांबत नाही.