मुंबईत उतरल्यावरचं ड्युटी फ्री: जालन्यापर्यंत बाटली नेणाऱ्यांसाठी

माझं मत आधीच सांगून टाकतो. परदेशातून बाटली आणायचीच असेल तर मुंबईत टी-टूला, म्हणजे टर्मिनल दोनला, उतरल्यावर घ्या. इमिग्रेशन उरकलं की सामानाच्या पट्ट्यांजवळच ड्युटी फ्री दुकान आहे, कस्टम्सच्या अलीकडं. जर्मनीतल्या सुपरमार्केटचा भाव इथं मिळत नाही, पण विमान बदलायच्या मधल्या देशाची कटकट वाचते.

आमच्या मेव्हण्यांनी जर्मनीतल्याच एका विमानतळावर लिटरची सिंगल माल्ट व्हिस्की घेतली. विकणाऱ्या पोरानं ती साध्या पिशवीत घालून हातात दिली. दोह्याला विमान बदलताना पुन्हा तपासणी, आणि हातातल्या सामानात 100 मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. सूट फक्त ड्युटी फ्रीच्या सीलबंद पिशवीला. आत पावती दिसली पाहिजे, सील फोडलेलं नको. मेव्हणे आधी इंग्रजीत भांडले, मग हिंदीत, शेवटी थेट मराठीत. बाटली तिथंच राहिली. तो तपासणीवाला नियमानं वागला. राग यायचा तर त्या दुकानावर.

मोठ्या बॅगेत घालून थेट मुंबईचा टॅग लावला तर बॅग वाटेत हाती येतच नाही, म्हणून मधल्या देशाच्या कस्टम्सशी गाठ पडत नाही. पण दोन दिवस शहर बघायला उतरलात आणि बॅग ताब्यात घेतली, की त्या देशाचा कायदा लागू. कतारमध्ये प्रवाशाला दारू आणताच येत नाही. दुबईत चार लिटरपर्यंत चालते. सिंगापूरला दोन लिटर, तेही 48 तास किंवा जास्त बाहेर राहून आलात तर, आणि मलेशियातून आलात तर तेवढंही नाही. बाटली एकच, न्याय वेगवेगळे!

आपल्याकडं माणशी 2 लिटर. तिकडून आणलेली आणि इथं घेतलेली, दोन्ही मिळून. युरोपातली बाटली बहुतेक 700 मिलीची असते. तीन घेतल्या की 2.1 लिटर, म्हणजे शंभर मिलीपायी कस्टम्सच्या लाल मार्गानं, जिथं जास्तीचा माल जाहीर करतात, तिथनं जाऊन ड्युटी भरत बसा. ड्युटी फ्रीत लिटरच्या बाटल्या मिळतात, दोन घेतल्या की हिशेब चोख.

दुकान ऐसपैस आहे. स्कॉच तर आहेच, पण अमृत, पॉल जॉन, इंद्री हे आपले माल्टही मांडलेले दिसले. मोंढ्यातल्या मित्रांना त्यातलीच एक दिली. खोक्यावर इंग्रजी बघून सगळे खूश. कर्नाटकातली आहे हे कुणी वाचलंही नाही. ऑनलाइन आधी मागणी नोंदवता येते, ते केलं तर उभं राहणं कमी.

संभाजीनगरचं विमान पुढं असेल तर एक काम करा. कस्टम्समधून बाहेर आल्यावर, देशांतर्गत काउंटरवर बॅग द्यायच्या आधी बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून आत टाका. 24 ते 70 टक्के अल्कोहोलची दारू चेक-इनमध्ये माणशी पाच लिटरपर्यंत चालते. हातात धरून पुन्हा वाद घालायला कुणाला वेळ आहे? चिकलठाण्याला बॅग घेतली की पुढं जालना तासा-सव्वा तासावर. पावती मात्र खिशात नको, खोक्यातच ठेवा.