तामिया एक्स्ट्रा थिन सिमेंट : मोठं यान शून्यापासून बांधताय तर ही बाटली घ्याच, पण आधी हे वाचा

मी सध्या चार फूट लांबीचं एका मालवाहू अंतराळयानाचं मॉडेल बांधतोय, किट (तयार पार्टचा संच) वगैरे काही नाही, डिझाइन पण माझंच, स्केल १/३५० धरलंय म्हणजे खरं यान सव्वाचारशे मीटरच्या आसपास जाईल. आणि या सगळ्या पसाऱ्यात ज्या वस्तूवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ती म्हणजे तामिया या जपानी कंपनीच्या, मॉडेलचं प्लॅस्टिक जोडायच्या सिमेंटची ही हिरव्या झाकणाची ४० मिलीची काचेची बाटली. रिव्ह्यू मोठा होणारे, कारण बाकीच्यांनी किट जोडायला घेतलीय आणि "छान चिकटतं" एवढंच लिहिलंय, मोठं मॉडेल कोऱ्या प्लॅस्टिक शीटपासून करणाऱ्याला जे माहीत पाहिजे ते कुणीच लिहिलेलं नाही.

पहिलं म्हणजे हा गम नाहीये. आत ब्यूटिल ॲसिटेट आणि ॲसिटोन आहे, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रावण उडून गेलं की सांधा असा राहतच नाही, एकच सलग प्लॅस्टिक होतं. त्यामुळे वापरायची पद्धत पण उलटी आहे, आधी लावून मग चिकटवायचं नाही, आधी दोन तुकडे कोरडेच जागेवर धरायचे आणि मग झाकणाला असलेल्या बारीक ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. पाण्यासारखं पातळ आहे, फटीतून आपोआप पुढे पळत जातं, डोळ्यांना दिसतं पळताना, ते बघायला मला अजूनही भारी वाटतं. मग हलका दाब द्या, कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकची केसाएवढी रेघ वर येते, ती पुसायला जाऊ नका, तीच फट भरते. नीट वाळू द्या आणि मग पॉलिश पेपर मारा. सुपरग्लूचा सांधा कडक आणि ठिसूळ असतो, जरा पीळ बसला की कट्कन सुटतो, आणि चार फुटी मॉडेल उचलताना पीळ बसतोच.

आता महत्त्वाचं. हे फक्त कातडीसाठी आहे, हाडांसाठी नाही. एवढ्या लांबीचं यान नुसत्या स्टायरीनचं (म्हणजे पॉलिस्टायरीनच्या शीटचं) केलं तर मधे झोल येतो, म्हणून आत ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, त्यावर प्लायच्या फासळ्या, आणि हे सगळं दोन भागांच्या इपॉक्सीने. लाकडाला किंवा धातूला ही बाटली काही करत नाही. फासळ्यांच्या कडांना मी स्टायरीनच्या पट्ट्या इपॉक्सीने लावून घेतो आणि मग त्या पट्ट्यांवर १ मिमीची शीट या सिमेंटने बसवतो, म्हणजे शीट थेट प्लायला कुठेच लावायची नाही. शीट कापायला कटरने एक रेघ मारा आणि वाकवून तोडा, आरपार कापत बसायची गरज नाही.

मोठ्या मॉडेलवाल्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते वाफेकडे. दोन मोठ्या शीट एकावर एक चिकटवल्या आणि मधे द्रावण अडकलं की ते बाहेर पडायला जागा शोधतं, मग शीट फुगते किंवा वाकते, आणि हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं. त्यामुळे खालच्या शीटला आधीच ड्रिलने ठिकठिकाणी भोकं पाडायची, ती आतल्या बाजूला राहतात, बाहेरून कुणाला दिसत नाहीत. पूर्ण बंद डब्यासारखा भाग असेल तर तिथेही तेच, वाफ आत कोंडून पातळ भिंती मऊ पडतात. यानाची एक बाजू किंवा तळ उघडा ठेवायचाच, वायरिंगसाठी तरी लागतोच. स्टार ट्रेक मालिकेसाठी १९६४ मध्ये बांधलेलं एंटरप्राइझ यानाचं ११ फुटी मॉडेल वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे, त्याच्या दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूने आत जायच्या म्हणून शूटिंग उजव्या बाजूने चालायचं. म्हणजे कुठली बाजू उघडी ठेवायची हे त्या लोकांनाही ठरवावं लागलं होतं, आपण ते पहिली शीट लावायच्या आधी ठरवून टाकावं, नंतर जड जातं.

सांधा भरून घासल्यावर लगेच प्राइमर (रंगाआधीचा थर) मारू नका. वरून कोरडा वाटला तरी आत प्लॅस्टिक हळूहळू आकसत असतं, घाई केली तर रंगाखाली बारीक खाच परत उमटते. आठवडाभर थांबलेलं बरं.

कुठल्या प्लॅस्टिकवर चालतं हा प्रश्न शून्यापासून बांधणाऱ्याला रोज पडतो, कारण आपण बारीकसारीक डिटेलसाठी घरातलं काहीही उचलतो. स्टायरीन शीट, जुन्या किटचे उरलेले पार्ट, सीडीची पारदर्शक कव्हरं, कॅसेटच्या डब्या यावर एकदम पक्कं (सीडी कव्हरच्या खिडक्या फार सुंदर होतात, फक्त कापताना तडकतात, सावकाश). सनबोर्डवर भरवशाचं नाही. बाटल्यांची झाकणं बहुतेक पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनची असतात, त्यावर शून्य. ओळखायची सोपी युक्ती, भरीव तुकडा पाण्यात टाका, तरंगला तर तो यातलाच, या सिमेंटच्या कामाचा नाही, आणि स्टायरीन बुडतं. बुडालं म्हणजे स्टायरीनच असं मात्र नाही, मग आतल्या बाजूला एक थेंब लावून बघा, चिकट झालं तर आपलं. आणि ज्यांचा हात गणपतीच्या मखरांवर बसलाय त्यांच्यासाठी खास, थर्माकोल हेही पॉलिस्टायरीनच आहे, फुगवलेलं, त्यावर हे पडलं की गरम तव्यावरच्या लोण्यासारखं आत खड्डा पडत जातो. बाटली उभी ठेवायला थर्माकोलचा स्टँड करू नका, लाकडाचा करा, आणि करा नक्की, कारण उघडी बाटली कलंडून शीटवर सांडली तर ती शीट गेलीच समजा.

याची खरी मजा शेवटच्या टप्प्यात आहे. १/३५० ला माणसाचा दरवाजा जेमतेम ६ मिमीचा होतो, आणि बघणाऱ्याला यान केवढं आहे हे त्या दरवाजावरूनच कळतं, मॉडेलच्या चार फूट लांबीवरून नाही. असे दरवाजे आणि पॅनल मी ०.२५ मिमी शीटमधून कापतो, चिमट्याने जागेवर ठेवतो आणि ब्रश जवळजवळ कोरडा करून एका कोपऱ्याला टेकवतो. जास्त लागलं तर एवढी पातळ शीट विरघळून कड गोल होते, बरोबर लागलं तर कड धारदार राहते आणि प्राइमरनंतर वाटतं की ते पॅनल तिथेच ओतलं होतं. सत्तरच्या दशकात सिनेमावाले रणगाड्यांच्या आणि गाड्यांच्या किटचे पार्ट यानांवर लावायचे, मीपण उरलेले पार्ट वापरतो, पण नुसते पसरले की कचरा दिसतो, कुठे दाट कुठे मोकळं हे ठरवून लावले तरच ते यंत्र वाटतं.

वास उग्र आहे आणि पेट घेणारं आहे, खिडकी उघडी, पंख्याची हवा बाहेर जाईल अशी, उदबत्ती समई सगळं लांब. किटची फ्रेम (पार्ट जिला जोडून येतात ती) मेणबत्तीवर तापवून, ताणून तारा करणार असाल तर तेव्हा बाटली दुसऱ्या खोलीत.

किंमत साध्या गमच्या मानाने जास्त वाटते पण टेकवून वापरायचं असल्यामुळे बाटली खूप पुरते, उडून जातं ते झाकण उघडं ठेवल्याने. फिकट हिरव्या झाकणाची क्विक सेटिंग वेगळी येते, बारीक तुकड्यांना ती छान, पण फूटभर लांब सांध्याला नको, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक सेट व्हायला लागतं. पहिली बाटली गडद हिरव्या झाकणाचीच घ्या. पाच पैकी पाच.