जुन्या रॅलेचे 26 आट्यांचे बी.बी. कप: बाजारात काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची जुनी रॅले सायकल घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात बॉटम ब्रॅकेटचा (बी.बी.) कप, म्हणजे पॅडलचा एक्सल छर्र्यांवर ज्यात फिरतो ती आट्यांची वाटी, मागायला गेलात की काउंटरवरून एकच उत्तर येतं, "बसेल की!" कप खरोखर दोन-तीन वेढे फिरतोही. मग तो अडतो, कुणीतरी लांब पाना लावतो आणि साठ वर्षं टिकलेल्या फ्रेमचे आटे पाच मिनिटांत जातात.

जगभरच्या बहुतेक सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटचे आटे 1.37 इंच व्यासाचे आणि इंचाला 24 असतात, शेल, म्हणजे कप जिच्यात बसतात ती फ्रेमची आडवी नळी, 68 मिमी रुंद. नॉटिंगहॅमच्या कारखान्याने मात्र स्वतःचं माप धरून ठेवलं: व्यास 1 3/8 इंच, इंचाला 26 आटे, शेल बहुधा 71 मिमी. रॅले ट्वेंटीसारख्या काही मॉडेलांत तर ते 76 मिमी आहे. 24 चा कप व्यासाने साधारण 0.13 मिमी लहान, म्हणून तोंडाशी सहज शिरतो. पण दर आट्यामागे 0.08 मिमीचा फरक साठत जातो. सहाव्या आट्याला दोन्ही अर्ध्या आट्याने चुकलेले असतात, म्हणजे एकाची धार थेट दुसऱ्याच्या धारेवर. तिथून पुढे जोर लावला तर कप पुढे सरकतो तो शेलचे आटे कापतच.

डबीवर आट्यांचा आकडा बहुतेक वेळा नसतो, म्हणून मोजणं आपल्याकडेच. व्हर्नियर कॅलिपरने सलग नऊ धारांचं अंतर घ्या, म्हणजे आठ आटे. 7.8 मिमी आलं तर 26, जवळपास 8.5 आलं तर 24. व्हर्नियर नसेल तर फ्रेममधून निघालेला कप आणि दुकानातला कप आट्याला आटा भिडवून उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत नीट बसले तर मधून उजेड येत नाही. माप वेगळं असेल तर एका टोकाला बसतात आणि दुसऱ्या टोकाला चंद्रकोरीसारखी फट दिसते. एक सापळा इथेही आहे: परदेशी मालाच्या पेटीत 35 मिमी व्यासाचे, 1 मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर 1 मिमी) फ्रेंच किंवा स्विस कप असू शकतात. त्यांचे आठ आटे बरोबर 8.0 मिमी भरतात, व्यासही रॅलेच्या अगदी जवळ. डोळ्यांना हा फरक कळत नाही. त्यातला फ्रेंच फिक्स कप (उजव्या बाजूला पक्का आवळलेला) सुलट, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणाऱ्या, आट्यांचा असतो, रॅलेचा उलट्या आट्यांचा, तेवढ्यावरून तो पकडता येतो. स्विसचाही उलटाच, तिथे व्हर्नियरच कामाला येतो.

हेड ट्यूबवर रॅलेचा बिल्ला आहे म्हणून 26 आटे असतीलच असं नाही. वर्कसॉपच्या कार्लटन कारखान्यात बांधलेल्या फ्रेमना 24 असतात. उलट रज आणि हंबर नावाच्या उत्तरकाळातल्या सायकली नॉटिंगहॅमलाच बनल्या, त्यांना 26 निघतात. आसनसोलच्या सेन-रॅलेच्या फ्रेमचं मापही बिल्ल्यावरून ठरवू नका, कप काढून मोजा.

आता माल.

पहिला पर्याय जुना मूळ माल. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात उघड्या फ्रेमी आणि सुट्ट्या पेट्या चाळल्या तर नॉटिंगहॅमचे कप अधूनमधून हाती लागतात. घेताना तीन गोष्टी बघा. छर्रे फिरतात तो पट्टा बोटाने चाचपा. नुसता चकचकीत असेल तर उत्तम. नखाला खळगे लागले तर तो कप टाकाऊ, ग्रीसने खळगे भरत नाहीत. फिक्स कपच्या दोन सपाट कडा गोल झालेल्या नसाव्यात. आणि ॲडजस्टिंग कपबरोबर (डावीकडचा, ज्याने खेळ जुळवतात तो) त्याची लॉकरिंग, म्हणजे त्याला जागेवर धरणारी कडी, मागून घ्या, कारण तिचेही आटे 26 आणि ती सुटी मिळणं कपापेक्षा अवघड.

या पर्यायाला आमचे सर्वाधिक गुण, पण त्याच्याही आधी करायचं एक काम आहे आणि ते बहुतेक लोक करत नाहीत: फिक्स कप काढूच नका. नव्वद टक्के खडखडाट छर्रे आणि एक्सलमुळे असतो, कपमुळे नाही. डाव्या बाजूचा कप सोडा, एक्सल ओढून घ्या, आतून रॉकेलने धुवा आणि टॉर्च मारून फिक्स कपचा पट्टा बघा. तो ठीक असेल तर तुम्हाला 26 आट्यांचं काहीच विकत घ्यायची गरज नाही. नवे पाव इंची छर्रे, एका बाजूला 11, ग्रीसमध्ये रोवून. बारावा बसतोय असं वाटलं तरी बसवू नका, छर्रे एकमेकांना घासतात. छर्रे ग्रोसने मिळतात, त्यात दोन पैसे जास्त देऊन क्रोम स्टीलचे घ्या.

एक्सल मात्र बाजारातला सरसकट चालत नाही. लांबी सारखी असून उपयोग नाही, छर्रे ज्या दोन खांद्यांवर फिरतात त्यांच्यामधलं अंतर जुन्याशी जुळलं पाहिजे. 68 मिमीच्या शेलसाठी बनलेला एक्सल 71 मध्ये घातला तर ॲडजस्टिंग कप आत खोल जातो आणि लॉकरिंगला पकडायला आटेच उरत नाहीत. अंतर जास्त असेल तर कप बाहेर लोंबतो. जुना एक्सल खिशात घेऊनच दुकानात जा.

फिक्स कप काढावाच लागला तर आदल्या रात्री आटेसोडू तेल सोडून ठेवा. आटे उलटे आहेत, म्हणजे उजव्या बाजूने बघताना तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. निम्मे कप याच ठिकाणी चुकीच्या दिशेने आवळून मरतात. साधा पाना अरुंद कडांवरून घसरतो, म्हणून 5/8 इंची बोल्ट कपच्या भोकातून घाला, आत-बाहेर जाड वायसर लावून नटने करकचून आवळा आणि बाहेरून घड्याळाच्या दिशेने फिरवा. बोल्ट आणखी घट्ट होत जातो आणि कपला सोबत फिरवून सोडवतो. पाना घसरायचा प्रश्नच उरत नाही.

बसवताना लॉकरिंग शेवटी आवळली की ती कपला किंचित बाहेर खेचते. म्हणून आवळण्याआधी एक्सल थोडा जड फिरेल इतपत ठेवा, आवळल्यावर तो बरोबर मोकळा होतो. आधीच मोकळा ठेवलात तर खेळ येणार.

दुसरा पर्याय थ्रेडलेस बॉटम ब्रॅकेट. यात आट्यांशी संबंधच नाही: दोन स्लीव्ह शेलच्या आत पाचरीसारख्या फुगून पकड घेतात, बेअरिंग सीलबंद. आटे मेलेल्या फ्रेमसाठी ही खरी सोय आहे. जाहिरातीत न सांगितलेली गोष्ट अशी की एक्सल चौकोनी, निमुळत्या टोकांचा (टेपरचा) येतो, म्हणजे कॉटरपिनचे, म्हणजे पाचरीसारख्या पिनेने एक्सलवर पकडलेले, क्रँक गेले, दातेरी चक्र गेलं आणि पूर्ण चेनकव्हर असेल तर तेही नव्या क्रँकला घासणार. साखळीची रेषा मागच्या चक्राशी जुळवायला एक्सलची लांबी पुन्हा निवडावी लागते. रॅलेची शान त्या क्रँकमध्येच आहे, असं ज्याला वाटतं त्याने या वाटेला जाऊ नये. बसवायचंच तर शेल आतून कोरडं, तेलविरहित करा. ग्रीस राहिलं तर स्लीव्ह पॅडलच्या जोराने हळूहळू फिरते आणि कुरकुर सुरू होते. शेलमध्ये ब्रेझिंगचा पितळी गोळा असेल तर तो आधी कानशीने काढावा लागतो. 76 मिमीच्या शेलसाठी विकणाऱ्याकडून रुंदीची मर्यादा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरा पर्याय, टर्नरकडून शेलला नवे आटे पाडून घेणं. जुन्या 26 वरून 24 चा टॅप फिरवून देणारे आहेत. आटे निम्मे उरतात आणि कप पहिल्या खड्ड्यात हलायला लागतो. त्यापेक्षा 36 मिमी, 24 आट्यांचं इटालियन माप पाडणं बरं, कारण त्यात जुने आटे पूर्ण कापले जातात. पण इटालियनचे दोन्ही कप सुलट आट्यांचे, उजवा कप चालवता चालवता सैल होतो. त्याला लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावलाच पाहिजे. आणि हे परत फिरवता येत नाही. शेल आधीच खराब असेल तरच.

हेडसेटचीही (हँडल आणि पुढचा चिमटा ज्यावर वळतो ते बेअरिंग) हीच गत, 1 इंचाला 24 ऐवजी 26. इथे चिमट्याच्या नळीवर 24 ची डाय फिरवू नका. व्यास सारखाच असल्याने आटे ब्लेडसारखे पातळ होतात आणि ब्रेक मारताना भार नेमका तिथेच येतो. मूळ आटेवाला वरचा कोन आणि नट जपा, 5/32 चे छर्रे तेवढे बदला.

मागच्या चाकाच्या एक्सल-नटांची मात्र एवढी रड नाही. स्टर्मी-आर्चर गिअर हबच्या एक्सलला 13/32 इंच, 26 आटे लागतात, पण त्या कंपनीचा व्यवसाय 2000 साली तैवानच्या सनरेसकडे गेला आणि नट अजून नवे मिळतात.

कॉटरपिन 9.5 मिमीच्या घ्या. बाजारातल्या स्वस्त पिना मऊ असतात, महिन्याभरात सपाट बाजूवर खड्डा पडतो आणि क्रँक खाली-वर हलायला लागतो. पिनेची सपाट बाजू क्रँकच्या कोनात कानशीने घासून पूर्ण टेकवा, क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्या आणि हातोडीने ठोका. नट ओढून पिन आत आणायची नसते, त्याने पिनेचे आटे तुटतात. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, आणि पंचवीस-तीस किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ठोकून नट आवळा.