विंटर स्टोरेजच्या नावाखाली १९३२ डॉलर १२ सेंट गेले, आणि यादीत स्पष्ट लिहिलेलं मला दिसलं नाही

थंडीभर बाइक सांभाळतो म्हणून ज्याने मला फसवलं, काल त्या माणसाची जाहिरात परत दिसली. फोटोत माझीच गाडी, नंबर प्लेट पुसलेली पण टाकीवरचा पोचा मी कुठेही ओळखेन. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. बायको म्हणते कशाला चारचौघांत सांगतोस, पण ऑक्टोबर चालू आहे, याच आठवड्यात अजून कोणीतरी त्याला पैसे पाठवेल.

मी ब्रॅम्प्टनला असतो, टोरोंटोच्या बाजूला. गाडी होंडा सीबी ५०० एक्स, २०१९ची. इथे थंडीभर रस्त्यावर मीठ मारतात त्यामुळे बाइक चालवायचा प्रश्नच नाही, बिल्डिंगमध्ये एकच पार्किंग आणि तिथे कार. आधी मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवायचो, तो घर विकून गेला. जाहिरात होती 'हीटेड स्टोरेज, फुल विंटर प्रेप'. फोन केला तर समोरून मराठी! "दादा, आपल्या माणसाकडून काय जास्त घ्यायचे." झालं, तिथेच मी सैल पडलो. परदेशात आपली भाषा ऐकली की माणूस विश्वास टाकतोच, यात मला काही चूक वाटत नाही.

५ महिन्यांचे ३५० आणि प्रेपचे २४५, एकूण ५९५ डॉलर. टॅक्स नको, पर्सनल खात्यावर ई-ट्रान्सफर करा म्हणाला. केलं. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली: ऑइल-फिल्टर ९५, स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ नये म्हणून टाकीत टाकतात ते) २५, बॅटरी टेंडर (बॅटरीला लावून ठेवायचा चार्जर) ४०, कार्बोरेटर ड्रेन आणि क्लीनिंग ८५.

कार्बोरेटर! पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा जुन्या गाड्यांमधला भाग, माझ्या गाडीला तो नाहीच. एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, टाकीत पंप, पंपातून प्रेशरने पेट्रोल इंजेक्टरला, ड्रेन करायला तिथे काही नसतंच. आणि मला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नका. पुण्यात ११ वर्षं पॅशन चालवली, स्वतःच्या हाताने जेट काढून साफ केलेत, आपल्याकडे २०२०ला बीएस ६ आल्यावर भावाने एफआय गाडी घेतली तेव्हा फरक त्याला मीच समजावला होता. पण रात्रीचे साडेअकरा वाजलेले, मुलगी सहा आठवड्यांची, दोघांचीही झोप नाही, आणि गाडीचं काम म्हटलं की कार्बोरेटर साफ करणं हे इतकं डोक्यात बसलेलं की डोळे त्या ओळीवरून नुसते गेले. थम्सअप टाकला आणि झोपलो. त्या एका ओळीत सगळं होतं. ज्याने गाडीकडे एकदा जरी बघितलं असतं त्याने हे लिहिलं नसतं. वर्ष होत आलं, तो मेसेज अजून उघडून बघतो आणि अंगाची आग होते.

जानेवारीत फोटो मागितला, त्याने पाठवला, गाडी आत, टेंडरचा हिरवा दिवा लागलेला. मागच्या दारातून झाडाला पिवळी पानं दिसतायत. जानेवारीत! म्हणजे फोटो आधीच काढून ठेवलेला. तेही मी एप्रिलमध्ये बघितलं.

१३ एप्रिलला गाडी आणायला गेलो तर म्हणे १३ दिवस जास्त झाले, १८० डॉलर द्या नाहीतर गाडी मिळणार नाही. ओंटारियोत स्टोरेजचे पैसे थकले तर गाडी अडवून ठेवता येते हे खरं आहे, आणि त्याला तेवढा कायदा बरोबर पाठ होता. मित्र ट्रेलर घेऊन उभा, कॅश दिली, पावती नाही.

बॅटरी फुगलेली, चेन लाल, एअरबॉक्समध्ये उंदरांनी घर केलेलं. फोटोपुरती आत घेतली असेल, थंडीभर गाडी ताडपत्रीखाली बाहेर होती. टाकी मी काठोकाठ भरून दिली होती, पाव उरलेली. आणि ऑइल फिल्टरवर जूनमध्ये मीच मार्करने लिहिलेली तारीख जशीच्या तशी.

मेकॅनिकने टाकी उघडून दाखवली. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं, टाकी रिकामी राहिली की आत पाणी जमतं आणि तळाला बसतं, पंप तिथेच. बॅटरी १३९, इंजेक्टर क्लीनिंग १८०, पंप ४६५, मजुरी २४०, टॅक्स धरून ११५७ डॉलर १२ सेंट. आधीचे ५९५ आणि १८० मिळवा. आपल्याकडचे लाखाच्या वर.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर ५० मिनिटं होल्डवर, मग उत्तर काय तर ही सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही गाडी स्वतःहून दिलीत. म्हटलं न केलेल्या कामाचे पैसे घेतलेत, म्हणे कोर्टात जा. बँक म्हणाली ट्रान्सफर तुम्हीच केलंत, त्याचं ऑटो-डिपॉझिट आहे, म्हणजे पैसे आपोआप खात्यात जमा होतात, परत येणार नाहीत. फसवणुकीची नोंद घेणाऱ्या केंद्राने फाइल नंबर दिला आणि सांगितलं आम्ही तपास करत नाही, नोंद ठेवतो! ग्राहक तक्रार विभाग म्हणे आधी त्या बिझनेसला लेखी पत्र पाठवा, अहो पण बिझनेसच नाहीये, नाव नाही, नोंदणी नाही, तर त्यांनी पुन्हा तोच पत्राचा फॉर्म ईमेल केला. स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, नोटीस बजावायला त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो, माझ्याकडे पहिलं नाव आणि फोन नंबर, जागा त्याच्या नावावर नव्हतीच. चार ठिकाणी तीच कहाणी, चार वेळा तेच फोटो, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मी कामावरून अडीच दिवस सुट्टी काढली यासाठी.

टॅक्स नको म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, बिल नसेल तर तुमच्याकडे काहीच नाही. क्रेडिट कार्ड घेत नसेल तर निघा. ओडोमीटर, टाकी, ऑइल फिल्टर सगळ्याचा देतानाच व्हिडिओ काढा. यादीतली प्रत्येक ओळ स्वतःच्या गाडीशी ताडून बघा, झोपेत असाल तर सकाळी बघा. एफआय गाडीची टाकी रिकामी करायची नाही, फुल करायची, स्टॅबिलायझर टाकून इंजिन १० मिनिटं चालवायचं म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत जातं, नुसतं ओतून ठेवून उपयोग नाही. हे पेट्रोल पंपावर टाकी भरून स्वतःच करा, त्याला २४५ लागत नाहीत. बॅटरी काढून घरात आणा. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडाला स्टील वूल कोंबा, आणि वसंतात काढायला विसरू नका.

ब्रॅम्प्टनच्या उत्तरेला कॅलेडनकडे कोणी मराठीतून 'दादा' म्हणत स्टोरेज देत असेल तर पैसे पाठवायच्या आधी मला मेसेज करा, चॅट आणि फोटो सगळे ठेवलेत, दाखवतो.