छत्रीघडीची बाबागाडी: बेळगावात किती दिवस कामाला येते?

लेकरू सव्वा-दीड वर्षाचं असेल तर हलकी बाबागाडी जरूर घ्या, पैसे वसूल होतात. अडीच वर्षं उलटली असतील तर नवी घेऊ नका. नात्यात नाहीतर गल्लीत कुणाच्या तरी माळ्यावर एक पडलेली असतेच, ती चार-सहा महिन्यांपुरती मागून आणा. आणि घरात आहे ती कधी काढून टाकायची, एवढाच प्रश्न असेल तर वाढदिवस मोजू नका. आठवडाभर गाडीत लेकरू किती बसलं आणि पिशव्या किती बसल्या, ते मोजा.

इथे बोलतोय ते छत्रीघडीच्या गाडीबद्दल: दोन वाकड्या मुठी, झोळीसारखी बैठक, मिटवली की छत्रीसारखी लांबुळकी. ही घडी ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याची, १९६५ सालची. स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांवर काम केलेला माणूस, त्यामुळे कमी वजन आणि लहान घडी हेच त्याचं गणित. आज आपल्याकडे मिळणाऱ्या अशा गाड्या पाच ते सात किलोंच्या असतात आणि साधारण तीन ते सहा हजारांत येतात. बाळंतपणानंतर घेतात ती उलटसुलट हँडलची मोठी गाडी वेगळी. तान्ह्या बाळाला छत्रीघडीत बसवू नये, कारण बहुतेकींची पाठ सपाट होत नाही आणि मान न धरणारं बाळ पुढे कलंडतं.

आधी वजनाचं बघू, कारण गाडी लेकराला सोडते ती बहुधा तिथेच. बहुतेक गाड्यांवर १५ किलोंची मर्यादा छापलेली असते. काही युरोपीय गाड्या २२ किलोंपर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १४.३ किलो आणि मुलीचं १३.९ किलो आहे. चौथ्या वर्षी तेच १६.३ आणि १६.१ होतं. म्हणजे मध्यम बांध्याचं लेकरूही चौथं वर्ष सरायच्या आत १५ किलोंची रेघ ओलांडतं, आणि दणकट असेल तर तिसऱ्यालाच. खालच्या जाळीच्या पिशवीची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, बहुधा दोन-तीन किलोच. तिच्यात पाच किलो तांदूळ ठेवून वर लेकरू बसवलं की सांगाड्यावर काय येतं, ते सांगायला नको.

मर्यादेच्या वर गेल्यावर गाडी एकदम मोडत नाही, हळूहळू सैल होते. मागच्या आडव्या पट्टीचं कुलूप पूर्ण बसेनासं होतं. रिव्हेटांची भोकं मोठी होतात आणि गाडी एका अंगाला ओढू लागते. पुढच्या चाकांचे दांडे बाहेर फाकतात. बैठकीचं कापड इतकं खाली जातं की लेकराचे गुडघे पोटाशी येतात. एक तपासणी करून बघा: सपाट फरशीवर रिकामी गाडी हलकेच ढकलून सोडा. तीन-चार फुटांत ती वळली तर एक तर चाकाच्या आसात केस-दोरा गुंतलाय, नाहीतर सांगाडा वाकलाय. आस साफ करूनही वळत असेल तर लेकराचं वय विचारात घ्यायची गरजच नाही, ती गाडी संपली.

उंचीची खूण पट्ट्यांवरून कळते. खांद्याचे पट्टे ज्या फटीतून बाहेर येतात ती फट खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर हवी. सगळ्यात वरच्या फटीच्याही वर खांदा गेला की पट्टा खांद्याला खाली दाबतो. मग लेकरू कुरकुरतं, आपण पट्टा काढतो, आणि बिनपट्ट्याचं लेकरू पुढे वाकलं की गाडी तोंडावर येते. पावलं पायपट्टीच्या खाली लोंबू लागली तर ती पुढच्या चाकाकडे जातात. चपलेचं टोक रस्त्याला घासलेलं दिसतंय का, ते घरी आल्यावर बघा.

आता बेळगावचे रस्ते. या गाडीची पुढची चाकं १२ ते १५ सेंटीमीटर व्यासाची असतात. एवढं चाक तीन-साडेतीन सेंटीमीटरच्या खळग्याला किंवा काठाला थडकलं की चढत नाही, थांबतं; आणि आपण मागून ढकलत असल्यामुळे मागचा भाग उचलला जातो. कॅम्पातल्या रुंद, झाडीच्या रस्त्यांवर आणि किल्ला तलावाच्या फेरीत ती झकास चालते, तिथे १० पैकी ८ गुण. वॅक्सिन डेपोच्या मातीवर सुक्या दिवसांत ६. गणपत गल्लीत, खडेबाजारात, त्यातही शनिवारी, २ देतो आणि तेही उदार होऊन. तिथे लेकराचं तोंड मोटारसायकलींच्या धुराच्या नळकांड्यांच्या उंचीवर असतं आणि दुचाकीवाल्याला गाडी दिसत नाही. सौंदत्तीच्या यात्रेत किंवा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत बाबागाडी न्यायची नाही, या वाक्याला अपवाद नाही. गर्दीत ती घडीही करता येत नाही आणि उचलताही येत नाही.

टिळकवाडीतल्या रेल्वे गेटावर एक गोष्ट पाळा. रुळाला लागून जी खाच असते तिच्यात लहान चाक तिरकं गेलं की अडकतं. रूळ तिरपे ओलांडू नका. काटकोनात या, पुढची चाकं मुठी दाबून उचला, मागच्या चाकांवर पलीकडे जा. गाडीत पिशव्या असतील तर लेकराला कडेवर घ्या आणि गाडी उलटी ओढा. गेटाची घंटा वाजायला लागली असेल तर अलीकडेच थांबा.

पावसाळ्यात ही गाडी जवळपास बाद होते. कारण साधं आहे: दोन सुट्या मुठी म्हणजे दोन हात लागतात, मग छत्री धरायची कुणी? एका हाताने ढकलली की ती वळते. वरून प्लास्टिकचं आवरण चढवलं तर चालता-चालता ठीक, पण दुकानात किंवा आडोशाला थांबलात की लगेच काढा, आत उष्मा साचतो. उन्हाळ्यात ओढणी-पदर टाकून गाडी झाकणं तर त्याहून वाईट. सावली होते असं वाटतं, पण आतली हवा कोंडून बाहेरपेक्षा जास्त तापते. आणि तांबडा चिखल! खानापूरकडचे लोक जाणतात. तो चाकाच्या आणि काट्याच्या मधल्या फटीत बसतो, वाळून विटेसारखा होतो, मग चाक फिरायचं सोडून घासत जातं. ओला असतानाच पाण्याने काढा. वाळला तर चाक काढा (बहुतेक गाड्यांत आसाजवळ दाबायची कळ किंवा छोटी चिमटी असते), जुन्या दातब्रशाने आस साफ करा, पुसून कोरडी करा आणि सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा. खोबरेल घालू नका, त्यावर धूळ बसून आठ दिवसांत लेप तयार होतो. भिजलेली गाडी मिटवून ठेवली तर मागच्या लोखंडी आसाला गंज आणि कापडाला बुरशी ठरलेली. उघडी करून, आडोशाला, पूर्ण वाळेपर्यंत ठेवा.

एसटीच्या, म्हणजे आपल्या वायव्य कर्नाटकच्या बसला पायऱ्या उंच. छत्रीघडी मिटवायला एक पाय आणि दोन हात लागतात, म्हणजे लेकराला खाली उभं करावं लागतं. निपाणी, चिक्कोडी, खानापूर असा प्रवास वारंवार असेल तर एका हाताने मिटणारी, चौकोनी घडीची गाडी बरी; ती महाग पडते. स्कूटरवाल्यांसाठी: मिटवलेली छत्रीघडी जवळपास मीटरभर लांब होते, ती पायाशी आडवी ठेवली की दोन्ही बाजूंनी बाहेर येते. असं नेऊ नका. चार वर्षांखालच्या लेकराला दुचाकीवर सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, हा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. गाडी, लेकरू आणि नवरा-बायको असं सगळं एका स्कूटरवर बसवण्याचा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही.

मग काढायची कधी? आज्जी म्हणते, एवढा घोडा झाला अजून गाडीत काय. आणि तीच आज्जी अर्ध्या वाटेत म्हणते, चालवून चालवून पोराचे पाय मोडले की ओ. तिचं दोन्हीही ऐकू नका, फ्रिजवर एक कागद लावा. सात दिवस प्रत्येक बाहेर जाण्याची नोंद करा: गाडी नेली का, लेकरू किती मिनिटं बसलं, किती चाललं, कडेवर किती घ्यावं लागलं, झोपलं का. दहा खेपांपैकी तीनपेक्षा कमी वेळा ते दहा मिनिटांहून जास्त बसलं असेल तर गाडीची गरज सरली. बाकीच्या वेळी तुम्ही भाजी ढकलत होतात, लेकरू नाही. मुठींना लटकवलेली पिशवी हाच मोठा धोका आहे, हेही लिहून ठेवा. लेकरू उतरताच मागच्या वजनाने गाडी उताणी पडते, आणि लेकरू उतरण्याऐवजी चढत असेल तर त्याच्यासकट.

नोंदीत झोप वेगळी बघा. दुपारची झोप अजून चालू असेल आणि ती बाहेरच होत असेल, तर गाडी फक्त त्या वेळेपुरती ठेवा. पायांची गरज आणि झोपेची गरज एकाच दिवशी संपत नाही. तीन वर्षांचं लेकरू कुत्रा, खडा, गटार असं सगळं बघत किलोमीटरभर जायला अर्धा तास सहज लावतं. तो अर्धा तास तुमच्या हातात नसेल, तर गाडी लागते ती तुमच्या घाईसाठी. त्यात लाजायचं काही नाही, फक्त ते मान्य करा. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन असं की पाच वर्षांखालच्या मुलाला गाडीत किंवा पाठीशी बांधून सलग तासाहून जास्त ठेवू नये, आणि एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी. घरापासून दुकानापर्यंतची वाट त्याच हिशेबात धरता येते.

गाडीची सवय मोडायची तर टप्प्याने. पहिले दोन आठवडे कोपऱ्यावरचं दूध आणि भाजी पायी. मग देऊळ, मग अर्धा किलोमीटर. परतीची वाट नेहमी जड जाते, म्हणून जाताना गाडीत आणि येताना पायी असं करू नका, उलट करा. पाणी सोबत, आणि मध्ये एक ठरलेला कट्टा, जिथे दोन मिनिटं बसायचं. फूटपाथ नसलेल्या गल्लीत लेकरू भिंतीच्या बाजूला आणि तुम्ही वाहनांच्या बाजूला. रस्ता ओलांडताना बोटं धरू नका, पंजा नीट धरा. मात्र डबकं आलं म्हणून एका हाताने लेकराला उचलून पलीकडे टाकणं, किंवा आई-बाबांनी दोन्ही हात धरून झोका देणं बंद. या वयात ताणलेल्या हाताला हिसका बसला की कोपरातलं हाड जागेवरून सरकतं. डॉक्टर ते मिनिटभरात बसवतात, पण तोवर लेकरू हात हलवत नाही आणि सगळ्यांचा जीव टांगणीला. उचलायचं तर काखेत हात घालून.

लेकरू रिकामी गाडी स्वतः ढकलू लागलं की ते गोड दिसतं, पण त्याला पुढचं काही दिसत नाही, आणि उतारावर गाडी त्याला ओढत नेते. हौस असेल तर अंगणात. या खेळातच पुष्कळ गाड्यांच्या सांध्यात बोटं सापडतात. घडी करताना लेकरू दोन पावलं लांब, हा नियम शेवटच्या दिवसापर्यंत.

तीन वर्षं उलटूनही थोडं चालल्यावर रोजच बसकण मारत असेल, वारंवार पडत असेल किंवा चवड्यांवरच चालत असेल, तर प्रश्न गाडीचा नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि ज्या मुलांना स्नायूंचा किंवा तोल सांभाळण्याचा त्रास आहे त्यांना वरचं वयाचं गणित लागूच होत नाही. त्यांच्यासाठी जास्त वजन पेलणाऱ्या, आधाराच्या वेगळ्या गाड्या असतात, त्या फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घ्याव्यात.

काढलेली गाडी लगेच देऊ नका, महिनाभर मिटवून ठेवा. लेकराने मागितली नाही आणि तुम्हालाही आठवली नाही की मोकळे व्हा. चांगल्या स्थितीतली गाडी अर्ध्या किमतीला जाते असं धरू नका; कापड विटलेलं असेल तर तिसरा हिस्सा आला तरी पुष्कळ. देण्याआधी दोन्ही ब्रेक लावून तीव्र उतारावर रिकामी उभी करून बघा, पट्ट्यांचं बकल दहा वेळा उघडझाप करा, मागचं कुलूप खट्ट वाजतंय ना ऐका. यातलं एकही नापास झालं तर कुणाला देऊ नका. भंगारात घालताना पट्टे कात्रीने कापून टाका, नाहीतर तीच गाडी कोपऱ्यावरून उचलून कुणीतरी दुसरं लेकरू तिच्यात बसवेल.