गल्लीतली पानादेर्या की नावाजलेली बेकरी? फिलिपिन्समध्ये कुठला पाव कुठून घ्यावा

मनिलात नोकरीला आलेल्या किंवा दावाओत डॉक्टरकी शिकायला गेलेल्या मराठी माणसाला सकाळच्या खाण्याचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो. तिथल्या घरांत सकाळी लसणाच्या फोडणीचा भात होतो आणि सोबत बहुधा मासे नाहीतर मांस. ते चालत नसेल किंवा रोज नको वाटत असेल, तर पाव हाताशी आहे, आणि फिलिपिन्सचा पाव उत्तम असतो. फक्त तो कुठल्या बेकरीतून आणि कुठल्या वेळी घ्यायचा, हे आधी समजून घ्यायला हवं.

रोजच्या खाण्याचा पाव म्हणजे पान्देसाल. मैदा, यीस्ट, साखर, मीठ आणि थोडी चरबी किंवा तेल, एवढंच त्यात लागतं. मळलेल्या पिठाची लांब वळी करून ती पावाच्या चुऱ्यात घोळवतात, तिचे तुकडे कापतात, ते फुगू देतात आणि मग भाजतात. वरचा तो बारीक चुरा ही त्याची ओळख. नावाचा अर्थ ‘मिठाचा पाव’ असला तरी चव किंचित गोडच असते. हा पाव गरम असतानाच खाण्यात मजा आहे. दुपारपर्यंत तो कोरडा पडतो. म्हणून पान्देसालसाठी माझं मत ठाम आहे: तुमच्या गल्लीतली पानादेर्या, म्हणजे छोटी बेकरी, गाठा. पहाटे चार-पाचला तिथे पहिला घाणा निघतो, लोक चपला सरकवून येतात आणि कागदी पिशवीत दहा-वीस पाव घेऊन जातात. कितीही मोठ्या नावाच्या बेकरीचा पाव तासभर ट्रॅफिकमधून घरी आणलात, तरी त्याची बरोबरी होणार नाही.

गल्लीतल्या पानादेर्याची कमतरताही सांगायला हवी. तिथे लोण्याऐवजी बहुतेकदा मार्गरिन असतं आणि पावाचा आकार हळूहळू लहान होत जातो. फिलिपिन्समध्ये गहू पिकत नाही, सगळा बाहेरून येतो, त्यातला बराचसा अमेरिकेतून. जगात गव्हाचा भाव वाढला की छोट्या बेकरीवाल्यापुढे दोनच वाटा उरतात, किंमत वाढवायची नाहीतर पाव लहान करायचा. एकेका पेसोचा हिशेब करणाऱ्या गिऱ्हाइकासमोर तो बहुधा दुसरी वाट धरतो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

साखळी बेकऱ्या गल्लीतली पानादेर्या आणि नावाजलेली बेकरी या दोन्हींच्या मधल्या. ज्युलीज बेकशॉप १९८१ साली सेबूजवळच्या मांडावेत सुरू झाली आणि आज तिच्या शाखा देशभर आहेत. चव सगळीकडे जवळपास सारखी आणि दुकान स्वच्छ, त्यामुळे नव्या शहरात उतरल्यावर पहिले काही दिवस इथून घ्यायला हरकत नाही. पान दे मनिला पान्देसालवरच भर देते. तिथे शेवग्याचा पाला घातलेला मलुंगाय पान्देसाल मिळाला तर जरूर घ्या. पाला आपल्या ओळखीचा आहे आणि चव अजिबात कडवट लागत नाही. २०२०च्या टाळेबंदीत लोकांना वेड लावलेला जांभळा उबे-चीज पान्देसालही आता सगळीकडे दिसतो. उबे म्हणजे आपलं कोनफळ. रंग झकास, पण रोज खाण्याचा पाव तो नव्हे.

मुद्दाम प्रवास करून जावं अशा जागा वेगळ्या. क्वेझॉन सिटीतली कामुनिंग बेकरी १९३९ची, पासिगमधली पानादेर्या दिमास-आलांग त्याहून जुनी, १९१९ची. जुन्या बेकऱ्यांची भट्टी म्हणजे पुगोन, विटांची आणि लाकडावर पेटणारी. गॅसच्या ओव्हनमुळे अशा भट्ट्या झपाट्याने कमी झाल्या. कामुनिंगला गेलात तर पान दे सुएलो घ्या. हा भट्टीच्या तळावर भाजलेला, जाड कुरकुरीत कवचाचा, पान्देसालचा दणकट भाऊबंद. दाताखाली कवच फुटतं आणि आतला मऊ भाग चिवट लागतो. म्हशीच्या दुधाचं ताजं पांढरं चीज, केसोंग पुती, मिळालं तर ते यात घाला. दुसरं काही लागत नाही. माझ्या दृष्टीने एवढ्यासाठी शहर ओलांडून जाणं सार्थकी लागतं.

दुपारच्या खाण्याला मात्र पुन्हा गल्लीच बरी. तीन-चारच्या सुमारास काचेच्या कपाटात गोड पाव मांडले जातात. स्पॅनिश ब्रेडमध्ये लोणी, साखर आणि पावाचा चुरा गुंडाळलेला असतो. पान दे कोकोच्या पोटात खोबरं आणि साखरेचं सारण असतं, थेट मोदकाच्या सारणासारखं, त्यामुळे घरची आठवण येणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी. कालिहिममधलं लालभडक सारण उरलेल्या पावापासून करतात. काटकसरीतून निघालेला हा पदार्थ मला मनापासून आवडतो. मोनाय आणि पुतोक घट्ट, जड. कॉफीत बुडवून खायचे.

एन्सायमादा मात्र स्वस्तात घेऊ नका. हा मऊ, लोणीदार गोड पाव, वर लोणी, साखर आणि किसलेलं चीज. गल्लीतल्या एन्सायमादावर मार्गरिन आणि साखरच जास्त असते. चांगल्या दुकानात वर केसो दे बोला, म्हणजे मुरलेलं एडाम चीज किसतात आणि कणकेत अंड्याचा बलक भरपूर असतो. दाम जास्त, पण फरक पहिल्याच घासाला कळतो.

शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. अनेक पारंपरिक पावांत डुकराची चरबी पडते, आणि पाहून ती कळत नाही. दुकानात थेट विचारा, "मे मान्तिका नांग बाबोय बा?" म्हणजे डुकराची चरबी आहे का. अंड्यासाठी "मे इत्लोग बा?" कुणाला राग येत नाही, लोक सरळ उत्तर देतात. सेबूच्या दक्षिणेला आर्गावचा तोर्ता प्रसिद्ध आहे. हा केक परंपरेने नारळाच्या माडीने फुगवतात, गोव्याचे पोदेर पूर्वी पाव फुगवायचे तसाच. गोवेकराला तो ओळखीचा वाटेल, पण त्यात चरबी आणि अंडी दोन्ही असतात.

घरी न्यायला हॉपिया, म्हणजे आत सारण भरलेली छोटी पेस्ट्री, घ्या, कारण पाव टिकत नाही आणि हॉपिया टिकतो. बिनोन्दोतल्या, म्हणजे मनिलाच्या चायनाटाउनमधल्या, ओंगपिन रस्त्यावरचं एंग बी टिन हे दुकान १९१२पासूनचं. उबे हॉपिया त्यांनीच लोकप्रिय केला. त्याच जांभळ्या रंगाचे अग्निशमन बंब त्यांच्या मदतीने चायनाटाउनमध्ये धावतात. मुगाचा हॉपिया आपल्या जिभेला लगेच रुचतो. पापुद्र्यांच्या चिनी पद्धतीच्या हॉपियात परंपरेने चरबी असते, म्हणून पाकिटावरचे घटक वाचून घ्या. हॉपिया बाबोयमध्ये डुकराची चरबी असतेच, ते पाकीट शाकाहाऱ्यांनी सोडून द्यावं. खरेदी परतीच्या आदल्या दिवशी करा आणि पाकिटावरची शेवटची तारीख बघा.